आमच्या घरातला जॉब

इंग्रजी आमच्या घरात माझ्याबरोबर आली, पाचवीच्या पुस्तकातून. 'जॉब' हा शब्द मात्र माझ्या जन्माच्या आधीपासून तिथे मुक्कामाला होता, आणि तो इंग्रजी आहे हे आम्हा कोणालाच ठाऊक नव्हतं. माझे वडील, ज्यांना आम्ही नायना म्हणत असू, यंत्रमागाच्या कारखान्यात जॉबर होते. चादरीचा माग बिघडला की तो दुरुस्त करायचा, आणि सकाळी कोणत्या मागावर कोणी उभं राहायचं हेही ठरवायचं, असं ते दुहेरी काम. एखाद्या व्यापाऱ्याने स्वतःचं सूत देऊन कापड विणून घेतलं तर ते कापड 'जॉबवर' असे. समोरच्या छापखान्यात लग्नपत्रिका छापायला आली की मालक आत ओरडून सांगे, 'एक जॉब आलाय रे.' आणि गल्लीतल्या एका मुलाला पुण्याला नोकरी मिळाली तेव्हा त्याच्या आईने पेढे वाटत सांगितलं की आमच्या पोराला जॉब लागला. ठेच लागते, उचकी लागते, तसा त्याला जॉब लागला असं मी म्हटलं आणि अम्माच्या हातचा धपाटा खाल्ला. पुढे आयुष्यभर मी शाळेत इंग्रजी शिकवली, पण या शब्दापाशी आले की माझा खडू अजूनही जरा थांबतो, म्हणजे थांबत असे. आता खडूही सुटला.

आम्ही साखर पेठेच्या पलीकडे एका खोलीत राहत होतो. खोली आणि पुढे पत्र्याची ओसरी, एवढंच घर. घरात तेलुगू, गल्लीत मराठी आणि कारखान्यात दख्खनी, आणि नायनांच्या बोलण्यात तिन्हींची मिसळ. इथे मी सगळं मराठीत लिहिते आहे. दख्खनी तेवढी राहू देणार आहे, कारण मेहबूबभाईचं बोलणं दुसऱ्या कुठल्या भाषेत मला ऐकूच येत नाही. ओसरीवर अम्मा मांडीत सूप घेऊन विड्या वळत बसे. कात्रीने पानं कापायची, चिमूटभर तंबाखू, एक वळसा, एक दोरा. तिचे हात चालू असत आणि तोंडही. कारखाना आमच्या मागच्या भिंतीला लागूनच होता, त्यामुळे मागांचा खडखडाट घरात सतत असायचा. पाहुणे आले की बिचकून मोठ्याने बोलत. आम्ही हळू आवाजात बोललेलंही एकमेकांना ऐकू येई. भाकरी थापतानाचा आवाज, शेंगाची चटणी कुटतानाचा आवाज, हे सगळे त्या खडखडाटाच्या वर कुठेतरी असत, आणि मला वाटे की जगातली सगळी घरं अशीच असतात.

नायनांच्या कारखान्यात एक रीत होती. कायम विणकराचा धोटा त्याच्या मागावरच राहायचा. धोटा म्हणजे सुताची कांडी पोटात घेऊन ताण्याच्या उभ्या धाग्यांतून इकडून तिकडे पळणारी लाकडी होडी; त्याच्याशिवाय माग नुसता सांगाडा. पण गैरहजर विणकरांचे धोटे जॉबर एका टोपलीत गोळा करी आणि सकाळी ती टोपली घेऊन फाटकाशी येई. तिथे बदलीवाले उभे असत, म्हणजे रोजच्या रोज काम मिळालं तर मिळालं असे. त्यांनी मागायचं नाही, बोलायचं नाही, फक्त उभं राहायचं. जॉबर ज्याच्या हातात धोटा ठेवील त्याला त्या दिवशी माग मिळाला. नायना धोटा देताना प्रत्येकाच्या तोंडाकडे बघत. कोणाच्या घरी दुखणं आहे, कोण काल रिकामा गेला, हे त्यांना पाठ असे. अम्मा म्हणायची की घरात मीठ संपलेलं ह्यांना कळत नाही, आणि बदलीवाल्यांच्या चुली पेटल्या की नाही ते बरोबर कळतं. मेहबूबभाई असाच एक बदलीवाला होता. नायनांनी त्याच्या हातात आधी धोटा दिला, मग पाना दिला आणि काही वर्षांत त्याला स्वतःसारखा जॉबर केला. पुढे तो अशोक चौकाकडच्या एका मोठ्या कारखान्यात जॉबर म्हणून गेला. दर खांडेनवमीला, हत्यारं पुजायच्या दिवशी, तो येई, नायनांच्या पाया पडे आणि अम्माने केलेली पुरणपोळी खाऊन जाई.

आमचा कारखाना बंद पडला तो एका दुपारी. चादरींना उठाव नव्हता, मालकाने माग भंगारात काढायचं ठरवलं होतं, हे नायनांना आधीपासून ठाऊक असावं. त्यांनी घरात सांगितलं नव्हतं. मी अभ्यास करत होते. एकेक माग थांबत गेला आणि शेवटी एकच उरला, आणि मग तोही थांबला. शेजारचं झोपलेलं तान्हं मूल दचकून उठलं आणि रडू लागलं. त्याच्या जन्मापासून ते त्या आवाजात झोपत आलं होतं. नायना घरी आले तेव्हा त्यांच्या हातात एक धोटा होता. त्यांनी तो अम्माला दिला. तिने तो पुसला, हळदकुंकू लावलं आणि देवघरात आम्हा विणकरांच्या मार्कंडेयाच्या तसबिरीपुढे ठेवला. त्यानंतर आमच्या घरात सगळ्यांना सगळ्यांचं ऐकू येऊ लागलं, आणि त्यामुळेच बहुधा आम्ही बोलायचं कमी केलं.

नायनांना काम मिळेल याबद्दल सुरुवातीला कोणाला शंका नव्हती. इतका नावाजलेला जॉबर, त्याला काय तोटा, असं लोक म्हणत. पण जॉबर प्रत्येक कारखान्यात एकच लागतो आणि तो आधीच होता. नव्या यंत्रांना धोटाच नव्हता, त्यांची माणसं वेगळी. मग नायना म्हणाले की विणकर म्हणून घ्या, मागावर उभा राहतो. तेही कोणी करेना. एका जॉबरच्या हाताखाली दुसरा जॉबर विणायला कसा ठेवायचा? तो काय ऐकणार आणि याने त्याला काय सांगायचं? सगळे आदराने बोलत, खुर्ची देत, आणि नाही म्हणत. घरात भाकऱ्या लहान झाल्या. चटणीत शेंगदाणे कमी आणि मीठ जास्त होऊ लागलं. मग रोज आंबील, ज्वारीच्या पिठाची, पातळ. अम्मा दुप्पट विड्या वळू लागली आणि तिची बोटं पिवळी पडली. नायना जेवताना ताटाकडे बघत आणि अर्ध्यावर उठत. एरवी दिवसभर बोलणारा माणूस, तो ओसरीच्या खांबाला टेकून नुसता बसून राही. त्याच उन्हाळ्यात गल्लीतल्या एका विणकराने तळ्यात जीव दिला होता. त्याचाही माग गेला होता. त्याची बायको सांगत होती की आदल्या आठवड्यापासून तो असाच गप्प होता. हे ऐकल्यापासून अम्मा नायनांकडे बघायची ती नजर मला सहन होत नसे. आमच्यासमोर दुसरा काही प्रश्नच उरला नव्हता. कॉलेज राहील का, भाडं कसं द्यायचं, हे सगळं मागे पडलं होतं. नायना जगायला हवेत, एवढंच होतं.

त्या दिवसांत मी कॉलेजच्या ग्रंथालयात जाऊन जाड इंग्रजी शब्दकोशात 'जॉब' काढला. का काढला ते आज सांगता येत नाही. आमच्या घरातून नेमकं काय गेलं ते बघावं असं वाटलं असेल. अर्थ भरपूर होते. नोकरी, नेमून दिलेलं काम, कामाचा एक तुकडा, टोचणं. चोरट्यांच्या भाषेत चोरीलाही तेच नाव. शेवटी मूळ दिलं होतं: अनिश्चित. तुकडा किंवा गोळा अशा अर्थाच्या एका जुन्या शब्दाशी नातं असावं असा अंदाज होता, पण खात्री नाही, असं शब्दकोशच म्हणत होता. इतक्या मोठ्या पुस्तकाला खात्री नाही याचा मला राग आला. ज्याच्यापायी माणसं तळ्याकडे जातात तो शब्द कुठून आला हे कोणालाच माहीत नाही, आणि कोणाचं काही अडतही नाही, म्हणून मी पुस्तक आपटून बंद केलं आणि ग्रंथपालबाईंची बोलणी खाल्ली.

मग नायना सकाळी घराबाहेर पडू लागले. कुठे जाता विचारलं तर 'हितंच' म्हणत. अम्माने मला बाजूला घेतलं. "पद्मा, त्यांच्या मागं जा. त्यांना दिसू नको. तळ्याकडं वळले तर ओरड, लाज धरू नको." मी रिकामा डबा घेऊन निघाले, दळणाला चालल्यासारखी. नायना तळ्याकडे गेले नाहीत. ते अशोक चौकाकडे गेले आणि मेहबूबभाईच्या कारखान्याच्या फाटकाशी बदलीवाल्यांच्या घोळक्यात जाऊन उभे राहिले. समोर पिठाची गिरणी होती, तिथल्या रांगेतून मला सगळं दिसत होतं. मेहबूबभाई टोपली घेऊन बाहेर आला. नायनांना बघून तो टोपली खाली ठेवून धावत आला, वाकून पाया पडला, पोराला पाठवून चहा मागवला. नायनांनी चहा घेतला. मेहबूबभाईने एकेकाच्या हातात धोटा ठेवला, आणि नायनांच्या समोरून तो मान खाली घालून पुढे गेला. टोपली रिकामी झाली. ज्यांना मिळालं नाही ते पांगले, आणि नायनाही चहाचा पेला ठेवून निघाले. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. पाया पडणं, चहा, आणि रिकामे हात. तिथून नायना तळ्याच्या काठी जाऊन बसत आणि मी मागे झाडाआड उभी राहून त्यांच्या पाठीकडे बघत असे.  ते दिवस आठवले की आजही मला जेवण जात नाही.

आठवडा उलटला असेल, मी जेवणाच्या सुट्टीत मेहबूबभाईला गाठलं. मला वाटलं होतं की तो कृतघ्न झाला आहे, आणि मी भांडायच्याच तयारीने गेले होते. तो कारखान्याबाहेर दगडावर बसून डबा खात होता. मला बघून उठला, मी बोलायच्या आतच त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. "पद्मा, मेरे हात में पाना कौन दिया? उस्ताद दिये," तो म्हणाला. "अब मैं उनकू धोटा देऊं, बदलीवाले के सरीका? सबके सामने? मेरे से नइ होता." रोज रात्री ठरवतो की उद्या द्यायचा, पण सकाळी उस्तादांचं तोंड बघितलं की हात उचलत नाही, असं तो सांगू लागला. त्याने पैसे काढले, मी घेतले नाहीत. नायनांना कळलं असतं तर ते त्या दिवशीच जिवानिशी गेले असते. मी एवढंच म्हणाले की तुम्ही मान देताय आणि आमच्या घरात चूल पेटत नाही, आणि ते तळ्यावर जाऊन बसतात.  तळ्याचं ऐकून त्याने डबा तसाच बंद केला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गिरणीच्या रांगेत होते. मेहबूबभाई टोपली घेऊन आला, नायनांच्या पाया पडला, आणि ती धोट्यांनी भरलेली टोपली त्याने नायनांच्या पायाशी ठेवली. "उस्ताद, आज तुमीच बाटो," तो म्हणाला. सगळा घोळका बघत राहिला. बिचाऱ्याने रात्रभर विचार करून काढलेली ती वाट होती: उस्ताद स्वतःच्या हाताने एक धोटा ठेवून घेतील, आणि कोणाला कोणाच्या हातात काही ठेवावं लागणार नाही. नायनांची मान वर झाली. कित्येक दिवसांनी मी त्यांना तसं उभं राहिलेलं पाहिलं. त्यांनी टोपली उचलली आणि एकेकाच्या तोंडाकडे बघत धोटे वाटायला सुरुवात केली. हा काल रिकामा गेला, याच्या घरी दुखणं. मी रांगेतून बघत होते आणि मनातल्या मनात ओरडत होते की एक ठेवा, नायना, एक ठेवा. टोपली रिकामी झाली. शेवटचा धोटाही त्यांनी दिला. मेहबूबभाईने कपाळाला हात लावला.

त्या दिवशी ते तळ्याकडे गेले नाहीत, सरळ घरी आले, मी त्यांच्या मागोमाग. ओसरीवर अम्मापुढे बसून त्यांनी सगळं सांगितलं, मेहबूबने टोपली कशी पायाशी ठेवली, लोक कसे बघत राहिले. त्यांचा आवाज पूर्वीसारखा झाला होता. अम्मा विडी वळता वळता ऐकत होती.

"आणि तुमचा धोटा?" तिने विचारलं.

नायना सुपातल्या विड्यांकडे बघत म्हणाले, "शेवटचा एक होता. वैरागहून आलेला गडी, नवाच हाय. बायको बाळंतीण हाय त्याची."

"बरं केलंत," अम्मा म्हणाली. ती रागावली असती तर मला बरं वाटलं असतं. तिने उरलेली आंबील त्यांच्या वाटीत ओतली आणि आपली वाटी पालथी घातली. नायनांनी ती पालथी वाटी बघितली. मग आलेलं सगळं तेज त्यांच्या तोंडावरून उतरलं, आणि ते पुन्हा खांबाला टेकून बसले. त्या दुपारइतकी भीती मला आयुष्यात कधी वाटली नाही. आता काही उरलंच नाही, असं वाटलं. काम नव्हतंच, आता मानही वापरून संपला होता.

सकाळी नायना निघाले तेव्हा अम्माने त्यांना दारात थांबवलं. ती देवघरापाशी गेली, तसबिरीपुढचा धोटा उचलला, पदराने त्यावरचं हळदकुंकू पुसलं. देवापुढची वस्तू उचलून असं कुंकू पुसताना मी तिला कधी पाहिलं नव्हतं. ती पूजेचं फूलसुद्धा दिवस सरल्याशिवाय हलवू देत नसे. तिने धोटा नायनांच्या हातात ठेवला.

"देवाला आज नको हाय," ती म्हणाली. "मागू नका, बोलू नका. हातात धरून उभं राहा."

 रस्ताभर नायनांनी तो धोटा सदऱ्याखाली धरला होता. फाटकाशी घोळक्यात ते मागे जाऊन उभे राहिले, हात पाठीशी. मी गिरणीच्या बाजूने बघत होते म्हणून मला त्यांची बोटं दिसत होती. धोट्याच्या दोन्ही टोकांना घट्ट धरलेली. मेहबूबभाई आला. त्याने टोपली खाली ठेवली, नायनांकडे आला, पाया पडायला वाकला. वाकल्यावर त्याला पाठीमागचा धोटा दिसला असावा. तो बराच वेळ वाकलेलाच राहिला. मग उठला आणि टोपलीकडे वळलाच नाही.

"धोटा तो है तुमारे पास," तो म्हणाला. "कोनेवाला माग खाली है, उस्ताद."

नायना आत गेले. पुढे बरीच वर्षं ते तिथे बदलीवर उभे राहिले, स्वतःच्याच शागिर्दाच्या हाताखाली, आणि तो कोपऱ्यातला माग कारखान्यातला सगळ्यात अडेलतट्टू होता असं ते मोठ्या प्रेमाने सांगत. रोज काम मिळालं असं नाही. ज्या दिवशी टोपलीत धोटा शिल्लक नसे, म्हणजे एकही माग रिकामा नसे, त्या दिवशी ते हातातला सदऱ्याखाली धरून परत येत, वैरागच्या त्या गड्याच्या आधी स्वतः आत जायला ते शेवटपर्यंत लाजत. पण तळ्याकडे ते पुन्हा गेले नाहीत. माझा भाचा परवा बंगळुरूहून फोनवर सांगत होता की जॉब गेला, आणि तो हसत होता, मावशी काय त्यात, असं म्हणत होता. मी त्याला विचारलं, जेवलास का? तो म्हणाला, तुझं काहीतरीच. फोन ठेवल्यावर मी परत एकदा शब्दकोश काढला. नवी आवृत्ती आहे, माझ्या निरोप समारंभात मुलींनी दिलेली. मूळ अजून अनिश्चितच आहे.

नायना आत गेले त्या सकाळी मी फाटकाबाहेर थांबले. भोंगा झाला, माग सुरू झाले, आणि त्या खडखडाटात नायनांचा कुठला ते काही मला ओळखू येईना. मी धावत घरी आले. अम्मा ओसरीवर नव्हती. सूप तसंच पडलं होतं, पानं वाळत होती. तिचं सूप असं एकटं पडलेलं मी प्रथमच बघत होते. ती देवघरापुढे बसली होती, दिवा लावून. मी दारातूनच म्हणाले, "मिळाला." तिने मान हलवली, माझ्याकडे वळून बघितलं नाही. धोटा जिथे ठेवलेला असे तिथे आता नुसती जमीन होती. अम्माने बोट कुंकवात बुडवलं आणि त्या रिकाम्या जागेला लावलं.